गीत ‘पारंपरिक’, अल्बम ‘सोलो’ : मग गाणारी बाई गेली कुठे?



लोकसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र करून बनवलेले अल्बम आता मोबाइलवर रोज येतात. त्यांच्याखाली बारीक अक्षरात दिलेली नावे एकदा वाचून पाहा. संगीत अमक्याचे. संयोजन त्याचेच. निर्मिती त्याचीच. मुखपृष्ठावर फोटोही त्याचाच, म्हणून अल्बम ‘सोलो’. आणि गीतासमोर बहुतेक वेळा एकच शब्द असतो : ‘पारंपरिक’. गाणाऱ्यांच्या जागी फार तर ‘आदिवासी महिला’ किंवा ‘ग्रामस्थ’. ज्या आवाजामुळे ते गाणे अंगावर येते, त्या आवाजाला नाव नाही, गाव नाही, वाटाही नाही.

आम्ही चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत काम करणारे कार्यकर्ते आहोत. या भागातून बांबू गेला, सागवान गेले, कोळसा गेला, आता सुरजागडचे लोहखनिज चालले आहे. प्रत्येक वेळी कागदावर जे नाव राहिले ते इथल्या माणसाचे नव्हते. आता गाण्याची पाळी आली आहे. म्हणून आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. आमचा राग यंत्रावर नाही, बीटवर नाही, लॅपटॉपवर नाही. राग आहे तो ‘पारंपरिक’ या शब्दाखाली जिवंत माणसांची नावे गाडण्यावर. जंगलातून बांबू काढायचा तर आज ग्रामसभेला विचारावे लागते. मग गाणे काढून नेताना का नको? आधी ग्रामसभा, मग उचल. गाण्यालाही हाच नियम लागला पाहिजे.

यंत्राने गाणे बाटते काय?

या विषयावर बोलायला लागलो की पहिला आवाज येतो तो शुद्धतावाद्यांचा. ‘डीजेने लोकसंगीताची वाट लावली’, ‘रेला गाणी जशी आहेत तशीच राहिली पाहिजेत’, ‘आदिवासींचा गोडवा जपला पाहिजे’. हे सांगणारे दर दोन वर्षांनी स्वतःचा फोन बदलतात. एटापल्ली-भामरागडच्या पोराने मात्र आजोबांच्या ढोलाबाहेर पाऊल टाकू नये, अशी त्यांची इच्छा असते. आदिवासींना माणूस न मानता संग्रहालयातली वस्तू मानण्याची ही जुनी खोड आहे.

वस्तुस्थिती काय आहे? गोंडी गाण्यांना डीजे बीट लावणारी पोरे आज गावोगावी आहेत. लग्नात, गावच्या कार्यक्रमात ही गाणी वाजतात, पोरे-पोरी हातात हात धरून त्यावर नाचतात. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार लोक नोंदले गेले, तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. ज्या भाषेला शाळेत जागा नाही, ती भाषा स्पीकरवर जोरात वाजते तेव्हा आम्हाला तरी आनंद होतो. 

आपल्या भीमगीतांचाच इतिहास पाहा. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गावोगावी फिरले. पुढे वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांनी ही गाणी घराघरात नेली. ढोलकी-तुणतुण्याला हार्मोनियमची जोड मिळाली, मग तबकडी आली, कॅसेट आली, कीबोर्ड आला, पेनड्राइव्ह आला, डीजे आला. नवे साधन आले की कुणीतरी म्हणणारच, ‘आता पहिल्यासारखे राहिले नाही’. गाणे मात्र थांबले नाही, कारण साधन बदलले तरी सांगायचे ते संपले नव्हते.

आणखी एक गोष्ट शुद्धतावाद्यांना कधीच दिसत नाही. ज्याला ते ‘समृद्ध लोकवारसा’ म्हणतात, त्यातले कितीतरी वादन हे जातीने लादलेले काम होते. सवर्णांच्या दारात वाजवायचे, त्यांच्या मयतीपुढे वाजवायचे, आणि उरलेसुरले शिळे अन्न घेऊन परतायचे. धर्मांतराच्या चळवळीत आपल्या लोकांनी गावकीची कामे सोडली, तेव्हा अनेकांनी हे वाजवणेही सोडले. ते बरोबरच होते. तमिळनाडूत दलितांनी मयतीपुढे ‘पराई’ वाजवायला नकार दिला आणि पुढच्या पिढीने तेच वाद्य स्वाभिमानाने, स्वतःच्या सभेत वाजवायला घेतले. तेही बरोबरच होते. वाद्य तेच, चामडे तेच. कुणाच्या हुकमावरून वाजते, कुणाच्या नावाने वाजते, आणि वाजवणाऱ्याला काय मिळते, एवढेच बदलले. आमची कसोटी हीच आहे. ढोलाला त्यांनी जात चिकटवली होती. लॅपटॉपला ती अजून चिकटलेली नाही. चिकटायच्या आत तो आपल्या पोरांच्या हाती आला पाहिजे.

आवाजाच्या त्रासाचे काय, असे कुणी विचारेल. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, हा २००० च्या नियमांचा भाग आहे. तो सगळ्यांनी पाळावा, आपल्या जयंती मंडळांनीही पाळावा. म्हाताऱ्या माणसांचा आणि तान्ह्या लेकरांचा विचार करणे हा आपला धम्मच आहे. पण नियमाचा चष्मा सगळ्यांना सारखा हवा. २०१५ मध्ये न्यूक्लिया या नावाने संगीत करणाऱ्या कलाकाराने ‘बास रानी’ हा अल्बम मुंबईत गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत प्रकाशित केला, तेव्हा इंग्रजी माध्यमांना त्यात रस्त्यावरची सर्जनशीलता दिसली. १४ एप्रिलला निळ्या झेंड्याखाली तोच बास वाजला की त्याच माध्यमांना ध्वनिप्रदूषण दिसते. कान तेच, फरक झेंड्याचा आहे.

‘सोलो’ म्हणजे नेमके किती जण?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. लोकसंगीत आणि यंत्रसंगीत एकत्र करणारा, जगात सर्वाधिक गाजलेल्यांपैकी एक सोलो अल्बम म्हणजे अमेरिकन संगीतकार मोबीचा ‘प्ले’. तो १९९९ मध्ये आला. जगभर त्याच्या एक कोटीच्या आसपास प्रती विकल्या गेल्या. त्यातली सगळीच्या सगळी, म्हणजे अठरा गाणी जाहिराती, चित्रपट आणि दूरचित्रवाणीसाठी वापरायला दिली गेली. आणि त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांत आवाज कुणाचे होते? अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय गायकांचे. अ‍ॅलन लोमॅक्स या संग्राहकाने वस्त्यावस्त्यांत फिरून हे आवाज ध्वनिमुद्रित केले होते. ‘नॅचरल ब्लूज’ या गाण्यात आवाज आहे व्हेरा हॉलचा. ही अलाबामा राज्यातली बाई, लोकांकडे धुणीभांडी आणि स्वयंपाक करून जगली आणि १९६४ मध्ये वारली. तिच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी तिचा आवाज जगभरातल्या क्लबांत घुमला. 

ही चोरी होती काय? नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांचा वापर कायदेशीर मार्गाने झाला होता, आतल्या पानावर गायकांची नावेही होती. आणि आमच्या मते खरा प्रश्न तिथेच आहे. सगळे कायद्याने होऊनही परवानगी देणारा हा ध्वनिफितीचा मालक असतो, गाणाऱ्या बाईची वस्ती नसते. आवाज टेपवर उतरला की तो टेपवाल्याचा होतो. आपल्याकडेही जंगलाचा नकाशा वनखात्याच्या कागदावर उतरला आणि जंगल वनखात्याचे झाले. रीत एकच आहे.

जिथे एवढेही सौजन्य पाळले गेले नाही, अशी उदाहरणे तर आणखी आहेत. १९९२ मध्ये फ्रान्सच्या ‘डीप फॉरेस्ट’ या जोडीने गाजवलेले गाणे मुळात प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवरचे अंगाईगीत होते. ते अफुनाक्वा नावाच्या बाईने गायले होते आणि एका अभ्यासकाने अभ्यासासाठी ध्वनिमुद्रित केले होते. विकताना ते आफ्रिकेच्या जंगलाची भुरळ घालत विकले गेले. म्हणजे बाईचे नाव तर गेलेच, तिचा महासागरही बदलला! त्यानंतर ‘एनिग्मा’ या जर्मन प्रकल्पाने तैवानच्या आमिस आदिवासी जोडप्याचा आवाज न विचारता वापरला. ते गाणे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रचारात वाजले. हे जोडपे मात्र गप्प बसले नाही, न्यायालयात गेले, आणि १९९९ मध्ये समोरच्यांना तडजोड करावी लागली. शेतावर राबणारी, वयाने म्हातारी आदिवासी माणसे बलाढ्य कंपन्यांना झुकवू शकतात, ही गोष्ट आमच्या पोरांनी लक्षात ठेवावी.

‘सोलो’ या शब्दाची गंमत पाहा. रेला हा एकट्याने करायचा प्रकारच नाही. हातात हात गुंफून रिंगण होते, एका बाजूने ओळ उचलली जाते, दुसऱ्या बाजूने झेलली जाते. चंद्रपूर-गडचिरोलीची दंडार घ्या, राजुरा-जिवतीकडचा ढेमसा घ्या, सगळे समूहाचे. ज्या गाण्याचा जन्मच ‘आम्ही’मध्ये आहे ते ‘मी’च्या नावावर विकले जाते. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते की जात कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते. संगीताच्या बाजारातही ही उतरंड आहे. वर ‘आर्टिस्ट’, खाली ‘फोक’. आर्टिस्टला नाव असते, फोटो असतो, मुलाखत असते. फोकला परंपरा असते. परंपरेला बँक खाते नसते.

आपल्याच माणसाचे काय झाले

परदेशाची गोष्ट दूरची वाटत असेल तर तमिळनाडूकडे पाहा. मार्च २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे गाणे आले. मयतीची गाणी, ओप्पारीची चाल, आजी-पणजीच्या आठवणी, श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबून परत आलेल्या भूमिहीनांची कहाणी, आणि या सगळ्याला इलेक्ट्रॉनिक बीट. कोट्यवधी लोकांनी ते ऐकले. त्याचे शब्द लिहिणारा आणि ते गाणारा अरिवू हा आंबेडकरी विचारांचा तरुण, पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’मधून पुढे आलेला. गाण्यात त्याची आजी वल्लियम्मा आहे. 

पुढे काय झाले? ऑगस्ट २०२१ मध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर गायिका धी आली, दुसरा एक गायक आला, अरिवू आला नाही. पा. रंजित यांनी उघडपणे प्रश्न विचारला, समाजमाध्यमांवर गदारोळ झाला, मग अरिवूचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ काढण्यात आले. जुलै २०२२ मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनात ते गाणे झाले, तिथेही अरिवू नव्हता. तेव्हा त्याने जाहीरपणे लिहिले. संगीतकार संतोष नारायणन यांनीही आपली बाजू मांडली, मालकी आणि उत्पन्न तिघांचे समान असल्याचे सांगितले. आणि मार्च २०२४ मध्ये त्यांनीच सांगितले की या गाण्यातून त्यांच्यापैकी कुणाच्याही हातात पैसा आलेला नाही.

दोन्ही बाजूंची मते बाजूला ठेवूनही यातून एक धडा उरतो. शब्द आपले, कहाणी आपली, आजी आपली, आणि तरी करार, प्रसिद्धी व व्यासपीठ दुसऱ्यांच्या हातात असले तर आपले नाव पुसायला एक छायाचित्र पुरते. अरिवू शिकलेला आहे, त्याच्यामागे चळवळ आहे, रंजित आहेत. धानोरा तालुक्यातल्या गाणाऱ्या बाईमागे कोण आहे? 

चांगले उदाहरणही आहे, आणि ते महाराष्ट्रातलेच आहे. मुंबईतल्या ‘स्वदेसी’ या रॅप गटाने ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. त्यात आरे जंगलातले आदिवासी कलाकार आणि कार्यकर्ते प्रकाश भोईर गातात, आणि गाण्यासोबत त्यांचे नाव येते. भोईर तिथे ‘ग्रामस्थ’ नाहीत, कलाकार आहेत. आरेच्या झाडांची लढाई ते स्वतःच्या नावाने गातात. यंत्र तेच होते, बीट तोच होता. म्हणजे करायचे म्हटले तर होते.

शेवटचे कडवे कोण कापते?

आपल्या शाहिरांना हा धोका फार आधी कळला होता. वामनदादांची गाणी आठवा. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफलेले असते. चोखोबांपासून चालत आलेली ही नाममुद्रेची रीत. ज्यांच्याकडे छापखाना नव्हता, वकील नव्हता, त्यांनी आपला हक्क गाण्याच्या पोटातच शिवून ठेवला. गाणे कुणीही कुठेही गायले तरी नाव सोबत जाणार. इतका साधा आणि इतका भक्कम बंदोबस्त!

आणि डीजे रिमिक्समध्ये काय होते? मुखडा घेतला जातो, तो चार-चार वेळा फिरवला जातो, मधले एखादे कडवे ठेवले जाते, आणि शेवटचे कडवे वेळेअभावी कापले जाते. म्हणजे नेमके नाव कापले जाते. यूट्यूबवर खाली रिमिक्स करणाऱ्या डीजेचे नाव ठळक असते, शाहिराचे नसते. १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या आणि २००४ मध्ये गेलेल्या या माणसाने हजारो गाणी लिहिली, ती दुसऱ्यांच्या आवाजात कॅसेटवर विकली गेली, आणि तो आयुष्यभर खांद्यावर झोळी घेऊन गावोगाव फिरला. त्याचे नावही आपल्याच मिरवणुकीत कापले जावे काय?

म्हणून हा लेख फक्त शहरातल्या फ्युजनवाल्यांना उद्देशून नाही. लॅपटॉप हाती असलेल्या आपल्या तरुणांनाही उद्देशून आहे. चंद्रपूरच्या एखाद्या भीमसैनिकाने एटापल्लीच्या बाईचा आवाज न विचारता उचलला, तर तो उचलणारा जयभीमवाला आहे म्हणून ते दान होत नाही. शोषणाला निळा रंग दिला तरी ते शोषणच असते. 

कायदा आपल्या हातात आहे, वाचलाच नाही तर काय उपयोग?

‘लोकगीताला मालक नसतो, ते कुणीही वापरू शकतो’ असे आपल्याला सांगितले जाते. अर्धसत्य आहे. शब्द आणि चाल जुनी, अनाम असेल तर त्यावर एकट्याचा स्वामित्वहक्क नसतो, हे खरे. पण त्या दिवशी, त्या अंगणात, त्या बाईने जे गायले ते तिचे सादरीकरण आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात कलावंताचा म्हणजे सादर करणाऱ्याचा वेगळा हक्क आहे. कायद्याच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तकच काय, गारुडी आणि डोंबारीसुद्धा येतात. त्यांच्या संमतीशिवाय ध्वनिमुद्रण करता येत नाही, हा हक्क पन्नास वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ३८-ब आले. त्यानुसार सादर करणाऱ्याला ‘हे मी गायले आहे’ अशी ओळख मागण्याचा हक्क आहे. म्हणजे गीत पारंपरिक असले तरी गायिका पारंपरिक नसते. ती कालच्या तारखेला, अमुक गावात, जिवंत उभी असते. तिचे नाव लिहायलाच हवे.

दुसरा कायदा आपल्या भागाला अधिक जवळचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(के) मध्ये जैवविविधतेसोबत सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर आणि बौद्धिक संपदेवर सामूहिक हक्क दिला आहे. आपल्याकडे या कायद्याची चर्चा पट्टे, बांबू आणि तेंदूपत्ता इथेच थांबते. १९९६ चा पेसा कायदा तर कलम ४(डी) मध्ये स्पष्टच सांगतो की परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक संसाधने जपायला ग्रामसभा सक्षम आहे. 

हे कागदावरचे शब्द वाटत असतील तर गडचिरोलीचाच अनुभव पाहा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. त्याआधी वर्षानुवर्षे इथला बांबू कागद कारखान्याला कवडीमोलाने जात होता आणि गावकऱ्याला टोपलीपुरता बांबू तोडला तरी दंड बसत होता. त्याच तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने पेसाच्या बळावर गोंडी भाषेतून शिकवणारे गोटूल सुरू केले. बांबूचा परवाना देणारी ग्रामसभा गाण्याचा परवाना का देऊ शकत नाही? 

धोका उद्याचा आहे, आणि खरा आहे. आज गावातल्या एखाद्या पोरीने आपल्या आजीचा आवाज मोबाइलवर टिपला. उद्या कुणी त्याच आवाजाला बीट लावून तो ध्वनिमुद्रण म्हणून आपल्या नावावर नोंदवला. परवा त्या पोरीने मूळ आवाज यूट्यूबवर टाकला तर तिच्यावरच स्वामित्वहक्काचा दावा लागू शकतो. आजीचे गाणे, नातीवर दावा! आणि गडचिरोलीत आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. इथे गाणाऱ्याकडे, ढोल वाजवणाऱ्याकडे दोन्ही बाजूंच्या बंदुका संशयाने पाहतात. कुणाचा चेहरा, कुणाचा आवाज, कोणत्या चित्रफितीवर चिकटवला जातो, यावर माणसाची सुरक्षितता ठरते. संमती हा इथे शिष्टाचाराचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप : अशी कुंपणे घातली तर गाणी मरतील, लोकसंगीत देवाणघेवाणीतूनच वाढते. देवाणघेवाण आम्हालाही हवी आहे. एका गावचा रेला दुसऱ्या गावात जातो, बदलतो, पुन्हा येतो. तिथे कुणी त्याच्यावर एकट्याचे नाव लावत नाही आणि कुणी त्यातून गाडी घेत नाही. जिथे एकच बाजू देते आणि दुसरीच बाजू घेते, त्याला देवाणघेवाण म्हणत नाहीत. 

दुसरा आक्षेप : तुमची भीमगीतेही चित्रपटाच्या चालींवर होती ना? होती. ज्यांना स्टुडिओची पायरी चढता येत नव्हती त्यांनी रस्त्यावर कानावर पडलेली चाल उचलून त्यात बाबासाहेबांचा विचार भरला. त्यांनी त्यातून बंगले बांधले नाहीत. पण आज आपल्याकडे संगीतकार आहेत, साधने आहेत. आज जो तरुण अल्बम विकायला काढतो त्याने नवी चाल करावी. दुसऱ्याकडून जो न्याय मागतो तो आपणही पाळावा.

तिसरा आक्षेप आपल्यातूनच येतो : आदिवासींची गाणी देवाधर्माची, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेले बौद्ध, आपला काय संबंध? आमचे उत्तर सरळ आहे. त्यांची गाणी आपण गावीत असे आम्ही म्हणतच नाही. त्यांच्या गाण्यावर त्यांचा हक्क राहावा म्हणून उभे राहावे, एवढेच म्हणतो. नाव नाकारलेल्या माणसाच्या बाजूने उभे राहायला त्याचा देव मानावा लागत नाही.

मग करायचे काय?

नुसती टीका करून थांबणे आम्हाला मान्य नाही. आमच्या पाच सूचना आहेत. जयंती मंडळे, वाचनालये, ग्रामसभा आणि संगीत करणारी पोरे यांनी त्यावर भांडावे, सुधाराव्यात, पण टाळू नयेत.

१. प्रत्येक ध्वनिमुद्रणावर गाणाऱ्याचे नाव, गाव, भाषा आणि वर्ष लिहावे. समूह असेल तर सगळ्यांची नावे. ‘पारंपरिक’ लिहायचेच असेल तर पूर्ण लिहा : ‘अमुक गावची परंपरा, सादरीकरण अमुक-अमुक’. ज्यांना स्वतःहून नाव गुप्त ठेवायचे असेल त्यांचा तो हक्क आहे, पण तो निर्णय त्यांचा.

२. बाहेरून कुणी ध्वनिमुद्रणाला आला तर आधी ग्रामसभेचा ठराव. कोणती गाणी बाहेर जातील आणि पूजेची, मयतीची कोणती जाणार नाहीत, हे गाव ठरवेल. ग्रामसभेत बायांचे मत वेगळे नोंदवावे, कारण बहुतेक गाणी त्यांचीच आहेत.

३. करार गोंडी किंवा मराठीत, मोठ्याने वाचून दाखवलेला. एकरकमी शे-पाचशे रुपये आणि जेवण यावर बोळवण नको. उत्पन्नाचा निम्मा वाटा गाणाऱ्यांचा, ही आमची मागणी आहे.

४. मूळ, बीट न लावलेल्या ध्वनिमुद्रणाची प्रत गावात राहिली पाहिजे. ग्रामसभेच्या कपाटात एक हार्डडिस्क, आणि त्याची नोंदवही. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून याच भागात आहे, तिथल्या विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावे.

५. जयंती मंडळांनी डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यातून थोडा भाग बाजूला काढावा, आणि दरवर्षी तालुक्यातल्या एका मुलीचा किंवा मुलाचा अल्बम करावा. माइक, हेडफोन, जुना लॅपटॉप आणि शांत खोली एवढ्यात सुरुवात होते. आणि रिमिक्स करा तर शेवटचे कडवे ठेवा. 

बाजार कुठे आहे, असे विचारू नका. झाडीपट्टी रंगभूमीने तो कधीच उभा करून दाखवला आहे. वडशाच्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर बाहेर पडतात, गावोगाव रात्रभर प्रयोग करतात, लोक तिकीट काढून थंडीत पहाटेपर्यंत बसतात. पुण्या-मुंबईने नाके मुरडली, झाडीपट्टीने नाटक थांबवले नाही. शेवटी २०२३ मध्ये या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री द्यावी लागली. आपल्या भाषेत, आपल्या माणसांसमोर, आपल्या तिकिटावर कला जगते, याचा पुरावा दारातच आहे.

‘सोलो’ शब्दाशी आमचे वैर नाही. भामरागडची एखादी माडिया मुलगी स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या आवाजात, आजीचे नाव लिहून, गावाला विचारून स्वतःचा अल्बम काढेल, त्यावर एकटीचा फोटो लावेल, तेव्हा तो सोलो आम्ही डोक्यावर घेऊ. त्या सोलोमागे रिंगण असेल, आणि रिंगणातल्या प्रत्येकीचे नाव आत छापलेले असेल.

चंद्रपूरच्या मातीत ऑक्टोबर महिना दोन आठवणी घेऊन येतो. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली. २१ ऑक्टोबर १८५८ ला वीर बाबुराव शेडमाके यांना इथेच फाशी दिली गेली. दोन तारखांमध्ये पाच दिवसांचे अंतर आहे. यंदा या पाच दिवसांत दोन्हीकडच्या पोरांनी एकत्र बसावे, जी गाणी दोन्हीकडे वाजणार आहेत त्यांची यादी करावी, आणि प्रत्येक गाण्यासमोर कोण लिहिले, कोण गायले, कुठले गाव, हे भरावे. ज्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहायचा मोह होईल तिथे थांबावे, गावात जावे आणि विचारून यावे.

जयभीम! जय सेवा!